दुधाचा सुळा अजून घट्ट आहे? मग तिथली हिरडी एकदा बोटाने चाचपून घ्या

पारिजात | रविवार, रात्री १०:१५

लेक १२ वर्षांची आहे. वरचा उजवा सुळा गेल्या वर्षीच आला. डावीकडे अजून दुधाचाच आहे, घट्ट, जराही हलत नाही. दात मजबूत आहे म्हणून आम्ही दोघं निर्धास्त होतो. मागच्या मंगळवारी कळलं की त्याचं घट्ट असणं हीच धोक्याची खूण होती.

खालच्या दाढेला कीड लागली होती म्हणून तिला नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाढ बघितली आणि मग वरच्या ओठाखाली बोट घालून दोन्ही बाजूंची हिरडी वरपर्यंत चाचपली. डावीकडे पुन्हा एकदा. "इथं काहीच हाताला लागत नाहीये," म्हणाल्या आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला सांगितला. त्यात कायमचा डावा सुळा दिसला, पण खाली तोंड करून उभा नाही, तिरका आडवा. त्याचं टोक शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर आलेलं. मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय स्कॅन झालं. सुळा टाळूच्या बाजूने आहे आणि त्या पटाशीच्या दाताचं मूळ जवळजवळ अर्धं विरघळलंय.

अर्धं. आणि लेकीला एक दिवसही दुखलं नाही. ठणका नाही, सूज नाही, गार पाणी लागलं नाही. तो दात थोडा बाहेर कललेला दिसायचा, एवढंच. वर्षभरापूर्वी आधीच्या दवाखान्यात मी विचारलंही होतं की डावा सुळा का येत नाही. "येईल, काही मुलांचा उशिरा येतो," असं उत्तर मिळालं आणि मी घरी आले. त्या वर्षात ते मूळ किती गेलं असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

हे लिहिण्याची कारणं दोन. कुणी यातून गेलं असेल तर पुढे काय होतं ते सांगा. आणि ज्यांची मुलं ९-१० वर्षांची आहेत त्यांनी पुढच्या तपासणीला "सुळे हाताला लागतात का?" एवढं जरूर विचारा.


गवतफूल | रविवार, रात्री १०:५२

वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा १० चा आहे, त्याचेही दोन्ही वरचे सुळे दुधाचेच आहेत. म्हणजे काळजीचं आहे का? मूळ विरघळतं म्हणजे नक्की काय, किडतं का?


मुखदीप | रविवार, रात्री ११:३०

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे तारा लावून दात जागेवर आणणारा डॉक्टर. लेकीचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल ठाम काही बोलणार नाही, पण बाकीचं सांगतो.

गवतफूल, १० व्या वर्षी दोन्हीकडे दुधाचे सुळे असणं अगदी साधारण आहे. वरचे कायमचे सुळे साधारण ११-१२ व्या वर्षी येतात, मुलींत थोडे आधी. दात आलाय का, यापेक्षा तो योग्य वाटेवर आहे का हे या वयात बघायचं असतं.

वरच्या सुळ्याची वाट सगळ्या दातांत लांबची. तो नाकाच्या तळाशी, अगदी उंचावर तयार होतो आणि वयाच्या ५ ते १५ वर्षांच्या दरम्यान सुमारे २२ मिलिमीटर प्रवास करतो. खाली येताना तो शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाच्या कडेकडेने सरकतो, ते मूळ त्याला वाट दाखवतं म्हणा. म्हणून तो पटाशीचा दात जन्मतः नसेल, किंवा बारीक, खुंटीसारखा असेल, तर सुळा भरकटण्याची शक्यता वाढते. काही घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या दिसतं. अक्कलदाढेखालोखाल सर्वांत जास्त अडकणारा दात म्हणजे वरचा सुळा, साधारण शंभरात एक ते तीन जणांचा. मुलींमध्ये मुलांच्या जवळपास दुप्पट.

आता विरघळणं. ही कीड नाही. दुधाचा दात कसा पडतो ते आठवा. खालून कायमचा दात वर येऊ लागतो, त्याच्या भोवतीच्या पिशवीच्या दाबाने हाड आणि दुधाच्या दाताचं मूळ खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. मूळ संपतं, दात हलतो, पडतो. तीच यंत्रणा इथे चुकीच्या मुळावर चालते. सुळा दुधाच्या सुळ्याकडे न जाता कायमच्या पटाशीच्या मुळाला भिडतो आणि ते झिजायला लागतं. आणि दुधाच्या सुळ्याजवळ कुणी फिरकतच नाही, म्हणून तो घट्ट राहतो. पारिजात यांच्या घरी नेमकं हेच झालेलं दिसतंय.

दुखत नाही कारण झीज बाहेरून, हळूहळू होते आणि आतल्या नसेपर्यंत बहुधा उशिरा पोचते. त्यामुळे मूल तक्रार करील आणि मग बघू, असं इथे चालत नाही.


वाटसरू | सोमवार, सकाळी ८:०५

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आमच्या मोठ्याचा सुळा १३ व्या वर्षी आला, आपोआप, छान सरळ. तेव्हाही एकाने एक्स-रे काढा, दुधाचा दात काढा असं सांगितलं होतं. आम्ही काही केलं नाही. प्रत्येक मुलाची वाढ वेगळी असते. लहान मुलांना उठसूट एक्स-रे आणि स्कॅन, आणि धडधाकट दात उपटणं, हे मला पटत नाही.


गवतफूल | सोमवार, सकाळी ८:४०

वाटसरू, मलाही आधी असंच वाटायचं. पण यात दुखतच नाही म्हणताहेत, मग थांबायचं तरी कशाच्या भरवशावर?


मुखदीप | सोमवार, दुपारी २:१०

वाटसरू, तुमचा मुद्दा रास्त आहे. सगळ्यांचे एक्स-रे काढा असं कुणीही सांगत नाही. म्हणून तर आधी बोट.

दुधाच्या सुळ्याच्या वर, जिथे हिरडी संपून ओठाची आतली त्वचा सुरू होते, तिथे बाहेरच्या बाजूने तर्जनी टेकवायची. वाटेवर असलेल्या सुळ्याचा टणक गोल उंचवटा लागतो. दोन्ही बाजूंना एकाच वेळी तपासायचं म्हणजे फरक कळतो. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि कुरोल यांनी शाळकरी मुलांची अशी तपासणी केली, तेव्हा ८ व्या वर्षी २९ टक्के मुलांत सुळे हाताला लागत नव्हते, १० व्या वर्षी फक्त ५ टक्क्यांत. म्हणजे ८ व्या वर्षी नाही लागला तर घाबरायचं कारण नाही, पण १० उलटल्यावर नाही लागला तर मात्र एक्स-रे हवाच. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर आणखी लवकर.

घरी बघायला हरकत नाही, पण निकाल घरी लावू नका. दुधाच्या सुळ्याचं मूळसुद्धा उंचवट्यासारखं लागतं आणि फसवतं.

एक्स-रेच्या किरणांबद्दल. पूर्ण जबड्याच्या एका एक्स-रेत मिळणारी मात्रा साधारण तितकी, जितकी आपल्याला निसर्गातून दोन-चार दिवसांत मिळते. सीबीसीटीची जास्त असते. यंत्र आणि किती भाग टिपला यावर ती काही दिवसांपासून काही आठवड्यांच्या नैसर्गिक मात्रेएवढी जाते. म्हणून ते सरसकट करायचं नसतं, शेजारच्या मुळाबद्दल शंका असेल किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असेल तेव्हाच, आणि तेही फक्त तेवढ्या भागाचं.

सुळा ओठाकडे आहे की टाळूकडे, एवढंच हवं असेल तर दोन साधे एक्स-रे वेगवेगळ्या कोनांतून पुरतात. चालत्या गाडीतून बघताना जवळचं झाड मागे पळतं आणि लांबचा डोंगर आपल्यासोबत येतो ना, तसंच. यंत्र ज्या बाजूला सरकवलं त्याच बाजूला सुळा सरकलेला दिसला तर तो लांब, म्हणजे टाळूकडे. उलट सरकला तर ओठाकडे. पण मूळ किती झिजलंय हे साध्या एक्स-रेत नीट कळत नाही, कारण सुळा आणि मूळ एकमेकांवर छापले जातात. त्याच स्वीडिश डॉक्टरांनी २००० साली भरकटलेल्या सुळ्यांचं सीटी केलं तेव्हा शेजारच्या पटाशीच्या दातांपैकी ३८ टक्क्यांची आणि मधल्या दातांपैकी ९ टक्क्यांची मुळं झिजलेली निघाली. ही मुलं मुळात सुळा भरकटलाय म्हणूनच पाठवलेली होती, तेव्हा हा आकडा सगळ्या मुलांना लावू नये.

तुमच्या मोठ्याचा सुळा वाटेवर होता, म्हणून उशिरा का होईना, आला. तो वाटेवर आहे हे आधी ठाऊक असेल तर वाट बघणं योग्यच. ठाऊक नसताना वाट बघण्यात जोखीम आहे.


निळी_शाई | सोमवार, संध्याकाळी ७:२२

आमचा अनुभव लिहिते. मुलगी सव्वादहा वर्षांची असताना शाळेच्या दंततपासणीत डावा सुळा लागत नाही असं लिहून आलं. एक्स-रेत सुळा थोडा आत कललेला होता, पण टोक शेजारच्या मुळाच्या मध्यरेषेच्या अलीकडे होतं. दोन्ही दुधाचे सुळे काढायला सांगितले. घट्ट दात काढायला माझं मन तयार होत नव्हतं, सासूबाई तर दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी काढले. हिरडीला भूल दिली, दहा मिनिटांत झालं, संध्याकाळी ती खेळायला गेली.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे, सुळा सरळ व्हायला लागला होता. पंधराव्या महिन्यात टोक दिसलं. ना शस्त्रक्रिया, ना सुळा ओढून आणायची साखळी. नंतर थोडे दिवस तारा लावाव्या लागल्या, पण त्या दुसऱ्या कारणासाठी.


मुखदीप | सोमवार, रात्री ९:००

निळी_शाई यांनी मध्यरेषेचा उल्लेख केला ते फार महत्त्वाचं. १९८८ च्या अभ्यासात १० ते १३ वयाच्या मुलांचे दुधाचे सुळे काढले, तेव्हा ४६ पैकी ३६ भरकटलेले सुळे आपणहून वाटेवर आले. टोक शेजारच्या मुळाच्या मध्यरेषेच्या अलीकडे असलेल्यांत ९१ टक्के, ओलांडून गेलेल्यांत ६४ टक्के. त्या अभ्यासात तुलनेसाठी दात न काढलेली मुलं नव्हती. पुढे तुलना करून झालेल्या चाचण्यांत दात काढलेल्या बाजूला सुमारे दोनतृतीयांश सुळे आले आणि न काढलेल्या बाजूला सुमारे ४० टक्के. म्हणजे काही आपोआपही येतात, हे वाटसरू यांच्या बाजूने. पण दात काढल्याने शक्यता चांगलीच वाढते. आणि हा सोपा उपाय ठरावीक वयातच चालतो. वर्षभरात एक्स-रेत सुधारणा दिसली नाही तर पुढचा मार्ग धरायचा.


वाटसरू | सोमवार, रात्री ९:४८

समजलं. एवढं नीट कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी एक्स-रे तरी काढला असता. धाकटी ९ ची आहे, तिला दाखवतो.


काजवा | मंगळवार, रात्री १२:१०

मी ३४ वर्षांचा आहे. दुधाचा सुळा ३१ व्या वर्षापर्यंत माझ्या तोंडात होता. बारीक आहे म्हणून लोक विचारायचे, मी म्हणायचो माझा दातच असा. मग शेजारचा पटाशीचा दात हलायला लागला. एक्स-रेत कायमचा सुळा टाळूत आडवा पडलेला आणि त्या दाताच्या मुळाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरलेला. दात वाचला नाही. माझ्या लहानपणी कुणी बघितलं असतं का, हे मला माहीत नाही. पण पारिजात ताई, तुम्हाला १२ व्या वर्षी कळलंय. मला ३१ व्या वर्षी कळलं. स्वतःला दोष देत बसू नका.


मुखदीप | मंगळवार, सकाळी ७:५०

काजवा, वाईट वाटलं वाचून. ही झीज बहुतेक वेळा १० ते १४ या वयातच होते, तेव्हा तुमचंही मूळ तेव्हाच गेलं असण्याची शक्यता जास्त. इतकी वर्षं त्या दाताने उरलेल्या मुळावर काम केलं.


पारिजात | मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काजवा, तुमचं वाचून रडले, पण थोडं हलकंही वाटलं.

आज ऑर्थोडॉन्टिस्ट आणि शस्त्रक्रिया करणारे सर्जन दोघांनाही भेटलो. माझा पहिला प्रश्न होता, तो पटाशीचा दात जाणार का. तो जिवंत आहे, गार लावल्यावर तिला कळलं. किंचित हलतो. त्यांचं म्हणणं, सुळा मुळापासून दूर नेला की झीज बहुतेक वेळा थांबते. गेलेलं मूळ परत येत नाही, पण अर्ध्या मुळाचे दात अनेक वर्षं टिकलेले आहेत. म्हणून तो दात काढायचा नाही.

आधी तारा लावून जागा करायची, ती थोडीच कमी आहे. मला वाटायचं दाटीमुळेच सुळे अडकतात. ओठाकडे अडकणाऱ्यांचं बऱ्याचदा तसं असतं, टाळूकडे अडकणाऱ्यांना बहुतेकदा जागा असतेच, तरी ते येत नाहीत. मग दुधाचा सुळा काढून, टाळूची हिरडी उघडून, सुळ्यावर एक छोटी कडी चिकटवायची आणि बारीक साखळी बाहेर काढायची.

एक गोष्ट मला तिथेच कळली. सुळा थेट त्याच्या जागेकडे ओढायचा नाही, कारण मधे ते झिजलेलं मूळ आहे. आधी टाळूच्या बाजूने मागे, मुळापासून दूर. मग खाली. मग जागेवर. आणि ओढ अगदी हलकी. दोन वर्षांच्या आसपास धरून चला म्हणाले. सुळा हाडाला चिकटून बसलेला असेल तर तो हलत नाही, ते ओढायला लागल्यावरच कळतं, हेही सांगितलं. लेकीने सगळं ऐकून एकच विचारलं, "माझा पुढचा दात पडणार नाही ना?"


गवतफूल | बुधवार, सकाळी ९:१५

हिरडी पुन्हा शिवून टाकतात की उघडी ठेवतात? दोन्ही ऐकलंय.


मुखदीप | बुधवार, दुपारी १:४०

दोन्ही पद्धती आहेत. शिवून साखळी तेवढी बाहेर ठेवायची, किंवा टाळूवर खिडकी ठेवून वर काही दिवस औषधी लेप लावायचा. आतापर्यंतच्या चाचण्यांत निकालात म्हणण्यासारखा फरक दिसलेला नाही. सुळा किती खोल आहे आणि सर्जनचा हात कशात बसलाय, यावर ठरतं.

पारिजात, डॉक्टरांनी दिशेबद्दल सांगितलं ते अगदी बरोबर. आणखी एक, झिजलेल्या मुळाच्या दातावर सुरुवातीला तारेचा जोर येऊ देत नाहीत. तुमचे डॉक्टर ते करत असतीलच, पण विचारायला संकोच नको. आणि धाकटं भावंडं असेल तर त्याचीही हिरडी तपासून घ्या.


पारिजात | सात महिन्यांनी, शनिवार, दुपारी ४:२०

धागा वर काढते आहे, काहींनी निरोप पाठवून विचारलं होतं.

शस्त्रक्रिया तीन महिन्यांपूर्वी झाली. लेकीच्या मते, तिने मनात धरली होती त्यापेक्षा बरीच सोपी. दोन दिवस टाळू दुखला, चार दिवस मऊ जेवण, टाके आपोआप विरघळले. साखळीचं टोक जिभेला टोचायचं, त्यावर मेण लावायला ती स्वतःच शिकली. दर चार-पाच आठवड्यांनी ओढ जुळवून घेतात, त्यानंतर एखादा दिवस ठणकतं.

परवा एक्स-रे झाला. सुळा हलतोय, हाडाला चिकटलेला नाही. मुळापासून स्पष्ट अंतर पडलंय, मधे हाडाची फिकट रेघ दिसायला लागलीये. पटाशीच्या दाताचं मूळ जेवढं होतं तेवढंच आहे. डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे शेजारी लावून दाखवले, मी तीनदा बघितले. दात अजून थोडा हलतो, सगळं झाल्यावर मागून बारीक तारेने शेजाऱ्यांना बांधून ठेवणार आहेत.

आणि धाकटा. त्याला तेव्हाच दाखवलं होतं, साडेनऊचा होता. उजवा सुळा हाताला लागला, डावा नाही. सहा महिने थांबून पुन्हा बघू म्हणाले. आता दहा पूर्ण झालीत, डावा अजूनही लागत नाही. एक्स-रेत सुळा तिरका आहे, पण टोक मध्यरेषेच्या अलीकडे, शेजारचं मूळ शाबूत. दुधाचा दात शुक्रवारी काढायचाय. तो घाबरलाय, म्हणून ताईने आरशासमोर उभं राहून त्याला स्वतःची साखळी दाखवली आणि सांगितलं की तुझं दहा मिनिटांत होईल, मी येते सोबत.

निळी_शाई, तुमच्या मुलीला दात काढल्यावर पहिला एक्स-रे सहाव्या महिन्यातच काढला होता ना? याचाही तसाच ठरवलाय.


निळी_शाई | शनिवार, संध्याकाळी ६:०५

हो, सहाव्या महिन्यात, आणि नंतर एकदा वर्षाने. शुक्रवारी दात निघाला की कळवा.